पंचवीस वर्षं नुसता नंबर असलेलं प्रथिन

संशोधनाला सुरुवात केली की जीन्सची एखादी लांबलचक यादी हातात येतेच. कित्येकांपुढे 'कार्य अज्ञात' असं लिहिलेलं असतं आणि आपण त्या ओळी सरळ सोडून देतो. तसं करण्याआधी आयएफआयटीएम३ची गोष्ट वाचा.

१९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन यांना इंटरफेरॉन सापडलं. विषाणूची चाहूल लागलेली पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. पण सावध होतात म्हणजे नेमकं काय करतात? १९८४ मध्ये इंटरफेरॉनमुळे चालू होणारी काही जीन्स हाती लागली. त्यांना धड नावंही नव्हती, नुसते क्लोनचे नंबर: ९-२७, १-८. पुढे १९९६ मध्ये ९-२७ मुळे एका विषाणूची वाढ थोडी रोखली जाते असं दिसलं. पण 'थोडी'च!

मग आलं २००९. अब्राहम ब्रास, स्टीफन एलेज आणि सहकारी खरं तर उलटंच शोधत होते: इन्फ्लुएंझाला आपल्या पेशीतली कोणती प्रथिनं लागतात? त्यासाठी त्यांनी सतरा हजारांहून जास्त जीन्स एकेक करून दाबून पाहिली. विषाणूला लागणारं जीन दाबलं की संसर्ग कमी व्हायला हवा. आयएफआयटीएम३ दाबलं, तर संसर्ग चक्क वाढला! म्हणजे हा विषाणूचा मदतनीस नव्हता, पेशीचा पहारेकरी होता. डेंग्यू आणि वेस्ट नाइल विषाणूंनाही तो अडवतो, हेही त्याच कामात दिसलं.

अडवतो कसा? इन्फ्लुएंझा विषाणू पेशीत शिरतो तो एंडोसोम नावाच्या पिशवीतून. तिथे आम्लता वाढली की विषाणूचं आणि पिशवीचं पटल एकमेकांत मिसळतं, छिद्र पडतं आणि विषाणूचा ऐवज आत उतरतो. जेमतेम १३३ अमिनो आम्लांचं हे प्रथिन त्याच पटलात बसलेलं असतं. ते असलं की छिद्र पडणं अवघड होतं. अडकलेला विषाणू मग पिशवीतच नष्ट होतो.

२०१२ मध्ये हे जीन नसलेले उंदीर इन्फ्लुएंझाने गंभीर आजारी पडलेले दिसले. माणसांतल्या त्याच्या एका प्रकाराचाही गंभीर आजाराशी संबंध दाखवला गेला. त्यावर मात्र नंतरच्या अभ्यासांचं एकमत झालं नाही.

म्हणून सांगतो, तुमच्या आलेखात एखादा बिंदू उलट्या दिशेला गेला, तर 'प्रयोग चुकला' म्हणून तो लगेच खोडू नका. आधी प्रयोग पुन्हा करून बघा. तरीही तो तिथेच राहिला, तर कदाचित तुमचा खरा प्रश्न तोच असेल.