वारशातील लष्करी बंदूक: विक्रीपूर्वी जाणून घेण्याजोगे

संग्राहकांच्या दृष्टीने मोलाच्या असलेल्या जुन्या लष्करी बंदुकीची विक्री भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ सालापर्यंत बनलेली बंदूक सर्वसाधारणपणे पुरातन मानली जाते. भारतीय शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये अशी कालमर्यादा नाही. कलम ४५ अन्वये कालबाह्य घडणीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट मिळते. मात्र ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, अशी अट आहे. त्यामुळे झाडता येणारी ठासणीची बंदूक केवळ जुनी आहे म्हणून तिला या कलमाची सूट मिळत नाही.

हैदराबादचा संदर्भ

निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे सैन्य होते. १९४८ मध्ये सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने विमानांतून चोरट्या मार्गाने संस्थानात शस्त्रे आणली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील पोलीस कारवाईने संस्थानाची राजवट संपली. असा इतिहास असलेल्या शहरातील जुन्या घरांत एखादे लष्करी शस्त्र निघणे अशक्य नाही. समजा, नल्लकुंटा येथील वडिलोपार्जित घर आवरताना गोव्यात स्थायिक झालेल्या वारसाला दिवंगत आजोबांची थ्री-नॉट-थ्री रायफल आणि तिचा जुना परवाना सापडला. आता काय करावे?

प्रथम जमा, मग विक्री

परवाना व्यक्तीच्या नावे असतो. तो शस्त्राबरोबर वारशाने मिळत नाही. कलम २१ नुसार, ताबा कायदेशीर राहिला नसेल तर शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. ते गाडीत घालून गोव्यात आणणे, हा विनापरवाना ताबाच ठरेल. जमा केल्याने मालकी लगेच संपत नाही. ठरावीक मुदतीत वारसाला स्वतःचा परवाना मिळवून शस्त्र परत घेता येते किंवा पात्र व्यक्तीला विकून रक्कम घेता येते. मुदत उलटल्यास शस्त्र सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमा केल्याची पावती जपून ठेवावी.

खासगी विक्रीपूर्वी खरेदीदाराचे नाव व पत्ता लेखी कळवावा लागतो आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. ही सूचना जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला देता येते. पोलीस आयुक्तालय असलेल्या क्षेत्रात जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे हे अधिकार आयुक्तांकडे असतात. त्यामुळे नल्लकुंट्यासाठी हैदराबादचे पोलीस आयुक्त, तर गोव्यात जिल्हा दंडाधिकारी, असा फरक पडतो.

खरी अडचण

लष्करी शस्त्रांना ग्राहक मिळणे कठीण असते. थ्री-नॉट-थ्री काडतूस झाडणारी बोल्ट रायफल किंवा .४५५ काडतुसाचे वेब्ली रिव्हॉल्व्हर नियमांच्या पहिल्या वर्गात, म्हणजे प्रचलित भाषेत ‘निषिद्ध बोअर’मध्ये मोडते. त्याचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतो. खरेदीदाराकडे साध्या शिकारी बंदुकीचा परवाना असून भागत नाही. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका बाळगता येतात. वारशाने मिळालेली बंदूकही त्यात धरली जाते.

परदेशातील लिलावाचा मार्गही सहज खुला नसतो. शंभर वर्षांहून जुनी आणि ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरल्यास, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ती खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही.

शिक्षा

विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षे, निषिद्ध शस्त्र बाळगल्यास सात ते चौदा वर्षे आणि बेकायदा विक्रीसाठी सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे ‘शोभेची वस्तू’ म्हणून समाजमाध्यमावर छायाचित्र टाकून गिऱ्हाईक शोधणे धोक्याचे आहे. बंदूक निकामी आहे की नाही, हेही मालकाने स्वतःच ठरवून चालत नाही.

जुने शस्त्र हाती येताच घोडा ओढून पाहू नये. नळीत काडतूस असू शकते. शस्त्र जागचे न हलवता, जुना परवाना, मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रे घेऊन त्याच हद्दीतील पोलीस ठाणे गाठावे. किमतीचा विचार त्यानंतर करावा.