ठाकुर्ली स्टेशन आणि चोळ्याचं पॉवर हाऊस

डोंबिवली आणि कल्याण या दोन बड्या स्टेशनांच्या मधे आपली ठाकुर्ली. फास्ट लोकल इथे थांबत नाही, आणि 'कुठे उतरता?' या प्रश्नाला आपल्यातले निम्मे आजही 'डोंबिवलीच्या पुढे' असं उत्तर देतात. मला ते कधीच पटलं नाही. या लहानशा स्टेशनाचं रेल्वेवर मोठं देणं आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि १ मे १८५४ ला हा मार्ग कल्याणपर्यंत आला. तेव्हा आपल्या भागातून गाडी नुसती जात होती. ठाकुर्लीला खरं महत्त्व आलं ते विजेमुळे. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला ही पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. पुढचा बेत घाटाचा होता. बोरघाटात वाफेच्या इंजिनांची दमछाक होई, अर्ध्या वाटेत गाडी थांबवून उलट्या दिशेने न्यावी लागे. घाट विजेवर चढायचा तर वीजही तशीच भरपूर हवी. म्हणून जीआयपी रेल्वेने चोळे गावाजवळ स्वतःचं औष्णिक वीजकेंद्र बांधलं. ते १९२९ मध्ये सुरू झालं. जागा अचूक निवडली होती: कोळशाच्या वाघिणी थेट आत नेता येत आणि वाफ थंड करायला पाणी जवळच होतं. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन सुरू झाली, तिच्या बातम्यांत ठाकुर्लीचं नाव कोण घेणार!

आपल्याला मात्र पॉवर हाऊस म्हणजे भोंगा, दोरीवरच्या कपड्यांवर बसणारी काजळी आणि बारा बंगल्यापलीकडे जायला असलेली मनाई. विज्ञानाच्या सरांना टर्बाइन समजावताना फळ्यावर आकृती काढावीच लागत नसे. ते खिडकीकडे बोट दाखवत. वर्गातली अर्धी मुलं रेल्वे क्वार्टर्समधली. कुणाचे वडील बॉयलरवर, कुणाचे कोळशावर. त्यांच्या डब्यात तमिळ, भोजपुरी, कोकणी सगळ्या चवी असत, आणि तो भूगोल मला पुस्तकातल्यापेक्षा जास्त कळला.

ऐंशीच्या दशकात पॉवर हाऊस बंद झालं. जुनी यंत्रं, महाग कोळसा, बाहेरून मिळणारी वीज. रेल्वेच्या हिशेबाने ते बरोबरच असेल. पण त्या हिशेबात क्वार्टर्स नव्हत्या. कुणी भुसावळला गेलं, कुणी सोलापूरला, कुणी थेट गावी. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. एकेका बाकावरची एकेक जागा रिकामी होत गेली, एवढंच.

२०१५ मध्ये मेन लाइनवरचा डीसी प्रवाहही संपला, आता २५,००० व्होल्ट एसी आहे. या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या तुकडीचे पत्ते छापले आहेत. त्यात क्वार्टर्समधली फार थोडी नावं आहेत. कुणाकडे बाकीच्यांचा फोन असेल तर मला कळवा, पुढच्या मेळाव्याची पत्रं मीच टाकतो.