थंड इंजिन सुरू न होणे (कार्ब्युरेटरच्या मोटारी)

रात्रभर किंवा काही दिवस उभी असलेली मोटार बराच वेळ सेल्फ मारूनही चालू न होणे, चालू होऊन लगेच बंद पडणे किंवा गरम होईपर्यंत झटके खात चालणे, असा हा दोष. त्यासाठी थंडी पडावीच लागते असे नाही. निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांखाली जातो आणि तिथे पेट्रोलची वाफच नीट होत नाही. कुंभकोणमजवळच्या पट्टीश्वरमला, कावेरीच्या सखल खोऱ्यात, पारा २० अंशांखाली क्वचितच उतरतो. तरी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या ईशान्य मोसमी पावसात तिथल्या जुन्या गाड्या सकाळी अडू शकतात. तिथे पहिला संशय घ्यावा तो ओलाव्याचा, आणि गाडी बरेच दिवस उभी असेल तर उडून गेलेल्या पेट्रोलचा.

पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. गरम इंजिनाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल पुरते. थंड इंजिनात बरेचसे पेट्रोल मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून राहते, वाफ होते ती फक्त हलक्या अंशाची. ही तूट भरून काढण्यासाठी चोक असतो. मात्र प्रत्येक कार्ब्युरेटरचा चोक वेगळ्या रीतीने काम करतो, आणि गाडी अडण्यामागे पुष्कळदा हा फरक न ओळखणारा पायच असतो. जुन्या अँबॅसेडरच्या एसयू कार्ब्युरेटरात चोक ओढला की जेट खाली सरकते. त्यात अॅक्सिलरेटर पंप नसल्याने पाय कितीही दाबला तरी जादा पेट्रोल येत नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीवर सोलेक्स असे. त्याच्या चोकला सुरुवातीपुरता वेगळा मार्ग असतो आणि तो थ्रॉटलखालच्या निर्वातावर चालतो. सेल्फ मारताना पाय दाबला की निर्वात कमी होतो आणि चोकचा उपयोग उरत नाही. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये मात्र चोकची झडप आणि पंप दोन्ही असल्याने आधी एकदोनदा पाय दाबणे योग्य.

गाडी अडली की कार्ब्युरेटर खोलायला घेण्याची सवय वाईट आहे. आधी सेल्फचा आवाज ऐकावा. तो मंद असेल, दिवे मालवत असतील, तर बॅटरी किंवा तिची टर्मिनले पाहावीत. सेल्फ फिरताना १२ व्होल्टची बॅटरी साडेनऊच्याही खाली गेली, तर कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही. सेल्फने न उठणारी गाडी हँडल मारून किंवा धक्क्याने लगेच उठली, तर रोग बहुधा इथेच असतो.

पुढची तपासणी करंटची. प्लग काढून, वायरला जोडून, त्याची कड इंजिनाला टेकवावी आणि सेल्फ मारावा. जवळ पेट्रोल सांडलेले नसावे. निळी, तडतडणारी ठिणगी चांगली. ती पिवळट, बारीक असेल तर पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल तपासावेत. बीएमसी इंजिनाच्या अँबॅसेडरमध्ये पॉइंटचे अंतर साधारण ०.४ मिमी आणि प्लगचे ०.६४ मिमी ठेवतात. दमट प्रदेशात सर्वांत आधी डिस्ट्रिब्युटरचे टोपण उघडावे. आतला दमटपणा कोरड्या फडक्याने पुसल्यावर गाडी उठते. पण टोपणात केसासारखी काळी रेघ दिसली तर करंट तिच्यातून पळतो आणि टोपण बदलावेच लागते.

काढलेला प्लगही खूप काही सांगतो. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोचलेले नाही. ओला असेल तर गाडी ओव्हर झाली आहे किंवा करंट नाही. काळी काजळी धरलेली असेल तर चोक पूर्ण परत जात नाही. ओव्हर झालेल्या गाडीचा चोक आत ढकलून, पाय पूर्ण दाबून सेल्फ मारावा.

दीर्घकाळ सेल्फ खाऊन उठणारी आणि मग दिवसभर उत्तम चालणारी गाडी ही वेगळी खूण आहे. उभी असताना फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल उडालेले असते किंवा पंपाच्या झडपा गळून नळीतले पेट्रोल टाकीकडे परतलेले असते. यांत्रिक पंपाला हाताची दांडी असल्यास ती हलवून वाटी भरावी. बॅटरी वाचते आणि निदानही पक्के होते. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या पद्धतीच्या रबरी डायफ्रामला व नळ्यांना मानवत नाही, म्हणून हे भाग इथेनॉल सोसणारे बसवावेत. इथेनॉलमुळे मिश्रण थोडे पातळही होते, त्यामुळे पूर्वी अर्ध्या चोकवर उठणारी गाडी आता पूर्ण चोक मागू शकते.

करंट, पेट्रोल आणि चोक ठीक असूनही गाडी अडत असेल, तर कार्ब्युरेटरखालचे गॅस्केट आणि झिजलेला थ्रॉटल स्पिंडल इथून शिरणारी हवा शोधावी. शेवटी कॉम्प्रेशन मोजावे. टॅपेट घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. कॉम्प्रेशन कमी भरलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे : आकडा वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.