आपण म्हणजे कोण?

परवा पारशिवनीला गेलो होतो. ओसरीवर पाऊल टाकतो न टाकतो तोच मोठी आई म्हणाली, "ये बापू. आज आमच्या घरी जेवाले ये." वांग्याची भाजी झकास होती, पण 'आमच्या' हा शब्द काही घशाखाली उतरेना. वाटणीपूर्वी हीच माउली 'आपल्या घरी' म्हणायची. कागदावर सह्या झाल्या, फेरफार झाला, तेव्हा काही वाटले नव्हते. एक सर्वनाम बदलले आणि घर गेले!

हे 'आपण' प्रकरण मोठे गमतीचे. मूळ संस्कृत 'आत्मन्'. त्याचा प्राकृतात 'अप्पा', 'अप्पण' झाला आणि मराठीत 'आपण'. (आमच्याकडे 'आपन'. 'ण'ला आम्ही तोंडात थारा देत नाही.) १२९०च्या ज्ञानेश्वरीत 'आपणपें' म्हणजे आत्मस्वरूप. तिथून घसरत घसरत तो 'आपण गिरणीत कधी जाणार?' इथवर आला. या वाक्यातल्या 'आपण'मध्ये बोलणारी कधीच नसते, हे विवाहितांना सांगायला नको.

ऐकणाऱ्याला धरून 'आपण', वगळून 'आम्ही'. हा भेद संस्कृतात नाही, प्रमाण हिंदीतही नाही. तेलुगूत मात्र 'मनमु' आणि 'मेमु', तमिळमध्ये 'नाम' आणि 'नांगळ'. तेव्हा हा गुण आपल्याला द्राविडी शेजाराने लागला, असे बरेच भाषापंडित मानतात. नागपूरकडच्या हिंदीतही 'अपन चलते हैं' म्हटले, की समोरच्याने चपला घालायच्या असतात.

आणि हाच जवळचा शब्द साहेबांपुढे उभा राहिला, की 'आपण बसावे' म्हणून चार हात लांब होतो. स्वीडनमध्ये असल्या आदरार्थी अवघडलेपणाला लोक कंटाळले होते. १९६७ साली तिथल्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना सरळ 'दू', म्हणजे 'तू', म्हणणार असे सांगितले, आणि पाहता पाहता सारा देश अरेतुरेवर आला. आपल्याकडे एखाद्या साहेबाने हे केले, तर कारकून त्याला मनातल्या मनात आधीपासूनच 'तू' म्हणत असतो.

'तो म्हणाला, आपण बिल देऊ.' यातला 'आपण' कोण, तो एकटा की आपण दोघे? हा घोटाळा मला हॉटेलात दोनदा महागात पडला आहे. व्याकरणाची पुस्तके गल्ल्यावर चालत नाहीत.

निघताना मोठ्या आईने लोणच्याची बरणी हातात दिली. म्हणाली, "ने. आपल्याच आंब्याचं हाये."

आंबा त्यांच्या वाटणीत गेला आहे.