हाय-फाय स्पीकरच्या पेटीचे फिनिश

घरगुती हाय-फाय स्पीकरच्या पेटीला बाहेरून दिलेले शेवटचे आवरण किंवा लेप. खऱ्या लाकडाचा व्हिनियर, लाकडाची नक्षी छापलेले व्हिनाइल, सनमायकासारखे लॅमिनेट, मॅट ते पियानो ग्लॉसपर्यंतचे रंग आणि तेलाचे किंवा मेणाचे पॉलिश हे त्याचे मुख्य प्रकार. पेटी बहुधा एमडीएफ, प्लायवुड किंवा पार्टिकल बोर्डची असते. भरीव लाकूड क्वचितच वापरतात, कारण हवेतील ओलाव्याप्रमाणे ते फुगते, आकसते आणि सांधे उकलतात. म्हणून अक्रोडाचा किंवा सागवानी म्हणून विकला जाणारा स्पीकर जवळजवळ नेहमी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या लाकडी पापुद्र्याने मढवलेला असतो. यात फसवणूक नाही. पेटीच्या कामासाठी तेच योग्य आहे.

फिनिश आणि आवाज : पेटीचा आवाज ठरतो तो फळीची जाडी, आतले आडवे आधार, भिंतींना आतून लावलेला कंपनशोषक थर आणि दर्शनी फळीच्या कडांचा आकार यांवरून. आरसीए या अमेरिकी कंपनीचे हॅरी ओल्सन यांनी १९५० च्या सुमारास गोल, घन, दंडगोल अशा वेगवेगळ्या आकारांच्या पेट्या मोजून दाखवले, की धारदार कडांवर ध्वनिलहरी विखुरतात आणि गोलाकार पेटीत हा दोष सर्वांत कमी असतो. बीबीसीचे अभियंते डडली हारवुड यांनी १९७० च्या दशकात पातळ प्लायच्या भिंतींना जड शोषक थर लावून पेटीचा स्वतःचा आवाज दाबण्याचे तंत्र पक्के केले. त्याच परंपरेतला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर अनेक कंपन्यांनी परवान्यावर बनवला. त्याची पेटी १२ मिमी बर्च प्लायची, तर कोपऱ्यांतल्या पट्ट्या बीच लाकडाच्या. पट्ट्यांचे लाकूड बदलले तर आवाजात फरक पडतो, असे आढळल्यामुळे बीबीसीने त्याबाबत काटेकोरपणा ठेवला. बाहेरचा व्हिनियर सागाचा की अक्रोडाचा, हा मात्र दिसण्याचाच प्रश्न राहिला. सांगाड्याचे लाकूड महत्त्वाचे आणि पृष्ठभागाचे गौण, हा क्रम ग्राहकाने पक्का लक्षात ठेवावा. विशिष्ट पॉलिशमुळे आवाज ‘उबदार’ होतो, हा दावा घरगुती पेट्यांच्या बाबतीत मानण्यासारखा नाही.

अमेरिकेतील अकूस्टिक रिसर्च कंपनीने १९६७ मध्ये आणलेल्या एआर-३ए या स्पीकरची किंमत जाहिरातीत २२५ ते २५० डॉलर अशी दिलेली असे, आणि हा फरक केवळ पेटीच्या फिनिशचा असल्याचे तिथेच छापलेले असे. इतका प्रामाणिकपणा आजच्या किंमतपत्रकांत फारसा दिसत नाही. उलट बाजूचे उदाहरणही आहे. यामाहाचा एनएस-१००० आणि त्याचा मॉनिटर अवतार एनएस-१०००एम यांत बाहेरचे रूपच नव्हे, तर पेटीही वेगळी आणि घरगुती अवतारात अधिक जड होती. म्हणून नाव एक आणि फिनिश दोन असली, तर दोन्हींचे वजन ताडून पाहावे. वजनात मोठा फरक असेल तर पेटीच बदललेली असते.

व्हिनियर : हे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत समाधान देणारे फिनिश. चांगला कारखाना फळीच्या दोन्ही अंगांना व्हिनियर लावतो. एकाच अंगाला लावला तर ओलाव्याने फळीला बाक येतो. जोडीतल्या दोन्ही पेट्यांसाठी एकाच ओंडक्यातले लागोपाठचे पापुद्रे वापरतात, त्यामुळे रेषा एकमेकींशी जुळतात. म्हणून जोडी फोडून एकच स्पीकर बदलणे महागात पडते. उन्हाने लाकडाचा रंग बदलतो : चेरी गडद होते, अक्रोड फिकटतो, मेपल पिवळसर होतो. एका स्पीकरवर खिडकीचे ऊन आणि दुसरा सावलीत, अशी मांडणी असेल तर काही वर्षांत जोडी विजोड दिसू लागते. जाळी कायम लावून ठेवल्यास तिच्याखालचा भागही वेगळ्या छटेचा राहतो.

शिसवाच्या व्हिनियरचे सौंदर्य वादातीत आहे. मात्र ब्राझिली शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या करारानुसार १९९२ पासून कडक बंदी आली, आणि २०१७ च्या जानेवारीत आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या शिसवासह संपूर्ण डाल्बर्जिया प्रजाती नियंत्रित यादीत गेली. आज ‘रोजवुड’ म्हणून मिळणारे फिनिश पुष्कळदा दुसऱ्या लाकडाला रंगवून किंवा कृत्रिम रेषा जुळवून केलेले असते. ते वाईट नसते, पण विकत घेताना विचारून घ्यावे.

व्हिनाइल आणि लॅमिनेट : स्वस्त स्पीकरांत फळीवर आधी व्हिनाइल चिकटवतात, मागून काटकोनी खाच पाडतात आणि फळी दुमडून पेटी बनवतात. व्हिनाइल बिजागरीचे काम करत असल्याने कोपऱ्यावर सांधा दिसत नाही. हे आवरण ओल्या फडक्याला घाबरत नाही. मात्र एकदा फाटले की दुरुस्त होत नाही. सनमायका त्याहून टणक असतो, पण कडेला त्याची गडद रेघ उघडी पडते आणि ठोकर लागली की टवका उडतो.

रंग आणि ग्लॉस : एमडीएफची कापलेली कड रंग शोषून घेते आणि सांधे कालांतराने रंगातून उमटतात. म्हणून आधी सीलर, मग पीयू (पॉलियुरेथेन) किंवा पॉलिस्टरचे अनेक थर, प्रत्येक थरानंतर पेपर मारणे आणि शेवटी बफिंग, असा हा वेळखाऊ क्रम आहे. पियानो ग्लॉसची किंमत या मजुरीची असते. २०१२ च्या केईएफ एलएस५० ने काळा ग्लॉस लहान घरांत लोकप्रिय केला. त्यावर धूळ, बोटांचे ठसे आणि कोरड्या फडक्याचे ओरखडे चटकन दिसतात. समोर टीव्ही किंवा खिडकी असेल तर प्रतिबिंबही पडते.

आपल्याकडे सुतार अजूनही फवारणीच्या चकचकीत रंगाला ‘ड्युको’ म्हणतात. ड्यूपाँट कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी आणलेल्या रंगाचे हे नाव. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ड्रायव्हर आणि क्रॉसओव्हर आणून पेटी मिस्त्रीकडून बनवून घेणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे : लाखेचे किंवा लॅकर पॉलिश पावसाळ्यात करू नये. हवेतल्या दमटपणामुळे ते सुकताना पांढरे पडते. कोकण आणि मुंबईत हा त्रास सर्वांत जास्त. जवसाच्या तेलाचे पॉलिश सोपे आणि देखणे, पण त्यात भिजलेली फडकी बोळा करून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत. पेटीसाठी प्लाय घेताना त्यावर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० ही मानके छापलेली पाहावीत. दुसरे मानक पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचे.

जाळी : जेबीएलच्या १९७० मधील एल१०० ची चौकड्यांची फोमची जाळी नारिंगी, निळ्या आणि तपकिरी रंगांत येई. अक्रोडाच्या पेटीपेक्षा लोकांना तीच अधिक आठवते. पण फोम झिजून भुगा होतो, तर पेटी पन्नास वर्षे टिकते. कापडी जाळी बदलता येते. तिची चौकट जाड असेल तर कडांवर ध्वनी विखुरतो, त्यामुळे बहुतेक स्पीकर जाळी काढून ऐकावेत. एलएस३/५ए मात्र जाळीसकट ऐकण्यासाठीच आखलेला आहे.

निवड : दमट हवेच्या शहरात, रोज ऐकल्या जाणाऱ्या स्पीकरसाठी दोन्ही बाजूंनी मढवलेल्या फळीवरचा व्हिनियर आणि त्यावर सॅटिन पीयू हे सर्वांत शहाणे फिनिश, कारण ओरखडा पडला तर कुठल्याही शहरातला पॉलिशवाला ते पुन्हा उजळवू शकतो. घरात लहान मुले असतील किंवा घर वारंवार बदलावे लागत असेल तर व्हिनाइल चालेल. ग्लॉस घ्यायचा तर खिडकीपासून दूर ठेवावा. महागड्या फिनिशच्या पैशांत त्याच कंपनीचे वरचे मॉडेल साध्या आवरणात मिळत असेल, तर वरचे मॉडेलच घ्यावे.