तळटीप : बिबट्याचा उतारा
१. पंचवटीकडच्या मळ्यांत शिरलेल्या बिबट्याला डार्ट मारतात, त्यात बहुधा झायलाझिन आणि केटामाइन एकत्र असतात. ही दोन्ही गुंगीची औषधे १९६२ सालची. उतारा मात्र एकाचाच आहे. योहिम्बिन किंवा अटिपामेझोल झायलाझिनची गुंगी उतरवते. केटामाइन शरीरातून आपोआपच ओसरावे लागते. म्हणून उताऱ्याची घाई घातक ठरते : झायलाझिनने सैल ठेवलेले स्नायू एकट्या केटामाइनच्या अमलाखाली ताठरतात, झटकेही येऊ शकतात. पिंजऱ्यापाशी डॉक्टर नुसते उभे दिसतात ते याचसाठी. तोवर श्वास मोजायचे, ताप पाहायचा, केटामाइनमुळे उघडेच राहणारे डोळे मलम घालून कापडाने झाकायचे. जमलेल्यांनी त्या वेळी कृपा करून गलका करू नये. झायलाझिनच्या गुंगीतले जनावर आवाजाने दचकून उठू शकते. — संपा.