कोवाच
कोवाच : हंगेरीतील एक अतिशय प्रचलित व्यवसायवाचक आडनाव. हंगेरियन भाषेत ‘कोवाच’ म्हणजे लोहार. संख्येच्या दृष्टीने ते ‘नॉज’ (मोठा) या आडनावाच्या खालोखाल येते. सुमारे ९६ लक्ष लोकवस्तीच्या या देशात कोवाच आडनावाचे लोक दोन लक्षांच्या आसपास, म्हणजे दर पन्नास व्यक्तींमागे एक, असे आहेत. हंगेरियन प्रथेनुसार आडनाव प्रथम व व्यक्तिनाम नंतर लिहितात. विवाहित स्त्री पतीच्या पूर्ण नावास ‘ने’ हा प्रत्यय लावीत असे, उदा., ‘कोवाच यानोशने’ म्हणजे यानोश कोवाच याची पत्नी.

हा शब्द मूळचा हंगेरियन नाही; तो स्लाव्ह भाषांतून आलेला आहे. नवव्या शतकाच्या अखेरीस मॅग्यार टोळ्या कार्पेथियन खोऱ्यात स्थिरावल्या, तेव्हा तेथे स्लाव्ह लोकांची वस्ती होती. स्थिर ग्रामजीवनातील अनेक कारागिरांची नावे मॅग्यारांनी त्यांच्याकडून घेतली. ‘टॉकाच’ (विणकर) व ‘मेसारोश’ (खाटीक) ही आडनावेही याच वर्गातील होत. याउलट ‘सॉबो’ (शिंपी) हे ‘कापणे, बेतणे’ या अर्थाच्या हंगेरियन धातूपासून बनले आहे. शब्द स्लाव्ह असला, तरी तो धारण करणारे कुटुंब स्लाव्ह वंशाचे ठरत नाही. कारण आडनावे रूढ होण्यापूर्वीच तो हंगेरियन भाषेत पूर्णपणे रुळला होता. ‘टोट’ (स्लाव्ह) व ‘होरवाट’ (क्रोएट) या वंशवाचक आडनावांचा पुरावा काही अंशी वेगळा मानावा लागतो.

आर्पाद राजवंशाच्या काळात राजाच्या किल्ल्यांना सेवा पुरविणाऱ्या कारागिरांच्या वसाहती त्यांच्या व्यवसायावरून ओळखल्या जात. बूडापेस्टजवळील नॉजकोवाची हे ग्रामनाम त्याचे स्मारक होय. तत्कालीन दस्तऐवज लॅटिनमध्ये असल्याने त्यांत लोहाराचा निर्देश ‘फाबेर’ असा येतो. चौदाव्या-पंधराव्या शतकांत आडनावे हळूहळू वंशपरंपरागत झाली. एखाद्या नोंदीत कोवाच नावाचा मनुष्य शिंपी किंवा शेतकरी म्हणून आढळला, तर तेथे नाव व धंदा यांची फारकत झाली असे समजावे.

या आडनावाच्या प्रसाराचे कारण खेड्याच्या रचनेत आहे. नांगराचे फाळ, घोड्यांचे नाल, गाड्यांच्या धावा यांसाठी प्रत्येक गावाला लोहार लागे. परंतु तो सहसा एकच असे. जेथे बहुतेक सर्वच शेती करीत, तेथे ‘शेतकरी’ या नावाने कोणाचीच ओळख पटत नसे. ‘लोहार’ म्हणताच नेमका मनुष्य कळे. त्यामुळे हे आडनाव गावोगावी स्वतंत्रपणे निर्माण झाले. सर्व कोवाच एका कुळातले, ही समजूत निराधार होय. पुढे वंशविस्तारामुळे एकाच गावात अनेक कोवाच झाले आणि ओळख पटविण्याचा मूळ हेतूच विफल झाला. म्हणून टोपणनाव किंवा एखादे आद्याक्षर जोडण्याची रीत पडली.

एकोणिसाव्या शतकात या संख्येत आणखी एका मार्गाने भर पडली. दुसऱ्या जोसेफच्या १७८७ च्या हुकुमाने ज्यूंना जर्मन आडनावे घेणे भाग पडले होते. हंगेरियन राष्ट्रवादाचा जोर वाढल्यावर जर्मन, ज्यू व स्लोव्हाक कुटुंबांतील अनेकांनी हंगेरियन आडनावे स्वीकारली. १८८१ मध्ये नामांतराचे शुल्क पाच फोरिंटांवरून पन्नास क्राइत्सारांवर आणण्यात आले. जर्मन ‘श्मिट’ म्हणजेही लोहार. त्याचे ‘कोवाच’ करणे हे एका परीने केवळ भाषांतर होते. मात्र ते नेहमीच राजीखुशीने झाले असे म्हणता येत नाही. नोकरी व प्रतिष्ठा यांचा दबाव त्यामागे पुष्कळदा असे.

ट्रिआनॉनच्या तहाने (१९२०) मोठा हंगेरियन भाषिक समाज शेजारी देशांत गेला. रूमानियात हे आडनाव ‘कोवाची’ असेही आढळते. पोलिश ‘कोवाल्स्की’, चेक ‘कोवार्श’ व सर्बो-क्रोएशियन ‘कोवाचेविच’ ही त्याच धातूची रूपे होत; म्हणून हंगेरीबाहेरील प्रत्येक कोवाच हंगेरियन असतोच असे नाही. स्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मिखाल कोवाच (कार. १९९३–९८) स्लोव्हाक होते. हंगेरियन कोवाचांपैकी मृत्तिकाशिल्पकार मार्गिट कोवाच (१९०२–७७) यांचे संग्रहालय सेंटेंड्रे येथे आहे. स्मॉलहोल्डर्स पक्षाचे सरचिटणीस बेलॉ कोवाच (१९०८–५९) यांना २५ फेब्रुवारी १९४७ रोजी सोव्हिएट अधिकाऱ्यांनी अटक करून रशियात नेले. ते १९५५ मध्ये परतले. २००० मध्ये हंगेरियन संसदेने हाच दिवस साम्यवादी राजवटीतील बळींचा स्मृतिदिन म्हणून ठरविला.